हळद, वात आणि सोमवारची गोळी

"हळदीच्या गोळ्या सुरू केल्या तर वाताच्या बंद करता येतील का हो?"

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारी बहुतेक वेळा बाई असते, चाळिशी-पन्नाशीची. पैसे देताना ती नोट दोन बोटांच्या चिमटीत धरत नाही, तळव्यानं काउंटरवरून सरकवते. ते बघितलं की मला दुखणं कळतं. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या आत्तीकडून आला. म्हणजे खरं तर तिनं विचारलं नाही, गोळ्या बंद करून टाकल्या आणि मग सांगितलं.

आत्तीचं पुढं सांगते. आधी हा वात कुठला, ते नीट बघायला हवं. आपल्याकडं सांधा दुखला की सगळ्यालाच वात म्हणायची पद्धत आहे. वय झाल्यावर गुडघ्याची झीज होते, जिना चढताना कळ येते, बसलं की बरं वाटतं, तो एक प्रकार. आमवात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो याच्या उलट वागतो. विश्रांती घेतली की तो वाढतो. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ मूठ मिटत नाही. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं आणि मनगटं एकदमच सुजतात, हात लावला तर गरम लागतात. आत्तीला भाकरी थापता येईना झाली. पीठ मळून व्हायचं, पण परातीत भाकरी फिरवायला मनगट वळायचं नाही.

हा आजार हजार मोठ्या माणसांत साधारण पाच ते दहा जणांना होतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. यात आपल्या शरीराची राखण करणारी यंत्रणाच घरच्या माणसावर उलटते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, त्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. राखणदार पेशी या अस्तरात घुसतात आणि टीएनएफ, आयएल-6 अशा नावांची रसायनं सोडून आणखी पेशींना बोलावतात. अस्तर फुगतं, जाड होतं, हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेवर पसरतं आणि शेवटी हाड कुरतडायला लागतं. बोटं वाकडी होतात ती यामुळं. कुरतडलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं भरून येत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. दुखणं कमी होणं आणि हाड वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी दुखणं आणि सूज उतरवते, पण आतलं कुरतडणं चालूच राहतं. ते रोखायला मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड अशी आजाराची चाल बदलणारी औषधं लागतात. हळदीबद्दलचा प्रश्न विचारायचा तो असा, की ती यातलं नेमकं कुठलं काम करते?

हळदीबद्दल आपल्या भागात कुणाला सांगायला नको. सांगलीची हळद शेजारचीच, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळकुंडं वर्षानुवर्षं साठवत असत. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं माणसं आणि माती एकाच रंगाची होतात. बाळंतिणीला हळद, जखमेवर हळद, नवरीला हळद. त्यामुळं हळदीनं वात बरा होतो असं कुणी म्हटलं, तर ते आपल्याला लगेच पटतं. मलाही पटावंसं वाटत होतं.

हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य म्हणजे कुर्क्युमिन. 1815 मध्ये फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी ते हळदीतून वेगळं काढलं. बाजारातल्या हळद पुडीत ते वजनाच्या साधारण तीन टक्के असतं. मी एकदा घरच्या काट्यावर हळद मोजून बघितली. सपाट चमचाभर हळद तीन ग्रॅम भरली, म्हणजे तीत कुर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. आमवाताच्या ज्या जुन्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यात रुग्णांना दिवसाला 1200 मिलिग्रॅम दिलं होतं. तेवढं हळदीतून मिळवायचं तर रोज चाळीस ग्रॅम, तेरा चमचे हळद खावी लागेल. आमटीतल्या चिमटीचा आणि प्रयोगातल्या मात्रेचा एवढा फरक आहे. दुधातली हळद घशाला बरी वाटते, जरूर प्यावी, पण औषधाचा हिशेब तिथं लावता येत नाही.

बरं, तेरा चमचे खाल्ली तरी प्रश्न सुटत नाही. हळद पाण्यात ढवळून ठेवा, पाच मिनिटांत तळाशी बसते. फोडणीच्या तेलात टाका, सगळं तेल पिवळं होतं. कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. त्यामुळं आतड्यातून ते फारसं शोषलंच जात नाही, आणि जे थोडं शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच एक साखरेसारखा रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात.

दुसरी अडचण तुम्ही डोळ्यांनी बघितलेली आहे. साडीवर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. कुंकू करतात तेही असंच, हळदीला चुन्याची निवळी देऊन. साबण आणि चुना हे अल्कधर्मी पदार्थ, त्यांच्या सहवासात कुर्क्युमिनचं रूप बदलतं, आणि ते मोडायलाही लागतं. आपलं रक्तही किंचित अल्कधर्मीच असतं. प्रयोगशाळेत तेवढ्याच अल्कधर्मी, पण रक्तातली प्रथिनं नसलेल्या द्रावणात कुर्क्युमिन ठेवलं, तर अर्ध्या तासात त्यातलं नव्वद टक्के मोडून गेलं. रक्तातली प्रथिनं सोबत असली की ते जास्त वेळ टिकतं हे खरं, पण मुळात हे द्रव्य नाजूक आहे.

यावर उपाय म्हणून काळी मिरी आली. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात 1998 मध्ये निरोगी माणसांना दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिरीतलं पायपरिन 20 मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात पोचणारं कुर्क्युमिन वीस पटींनी वाढलं. डब्यांवर '2000 टक्के' असं जे छापलेलं असतं, ते इथून आलं. आकडा खोटा नाही. पण मिरीशिवायचं प्रमाण जवळजवळ शून्याच्या घरातलं होतं, आणि अगदी थोड्याच्या वीस पट म्हणजे फार होत नाही. शिवाय पायपरिन हे करतं कसं, तर शरीरातली औषधं निकामी करणारी यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा फक्त कुर्क्युमिनसाठी नसते, तुमच्या बाकीच्या गोळ्याही तिच्यातूनच जातात. काउंटरमागं उभं राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता माणसांवरचे प्रयोग. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत कुर्क्युमिन जोरदार काम करतं. पेशीत सूज आणणाऱ्या जनुकांचा एनएफ-कप्पा-बी नावाचा एक खटका असतो, तो ते दाबतं. टीएनएफ आणि आयएल-6 दोन्ही कमी होतात, म्हणजे नेमकी आमवातातली खलनायक मंडळी. यामुळंच जगभर इतक्या लोकांनी याचा पाठपुरावा केला. पण 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं सगळं साहित्य चाळून एक इशारा दिला. कुर्क्युमिन स्वतः रंगीत आहे, चमकतं, कशालाही चिकटतं, त्यामुळं ताटलीतल्या चाचण्यांना ते फसवू शकतं, काम झालं नसताना झाल्यासारखं दिसू शकतं. म्हणून खरा निवाडा रुग्णांवरच्या चाचणीतच होतो.

पहिली चाचणी आपल्याच देशातली, 1980 सालची, देवधर आणि सहकाऱ्यांची. रुग्ण 18. दोन आठवडे कुर्क्युमिन, दोन आठवडे फिनाइलब्युटाझोन हे त्या काळचं वेदनाशामक. कुर्क्युमिननं सकाळची आखडण, सूज आणि चालायला लागणारा वेळ यांत फरक पडला. त्यानंतर 2012 मध्ये केरळातली चाचणी आली, 45 रुग्णांची, आठ आठवड्यांची. एका गटाला कुर्क्युमिन, एकाला डायक्लोफेनॅक, एकाला दोन्ही. गुण मोजायला डीएएस-28 ही पद्धत, म्हणजे 28 सांधे दाबून बघायचे, सुजलेले आणि दुखणारे मोजायचे, रक्तातली सूज बघायची आणि रुग्णाला कसं वाटतं तेही धरायचं. यात कुर्क्युमिनचा गट सगळ्यांत पुढं निघाला. जाहिरातींत तुम्ही वाचता ती हीच.

या चाचणीवर मी बराच वेळ घालवला, कारण गिऱ्हाईक हिचंच नाव घेऊन येतं. तिच्यात औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणारा गट नव्हता. आमवात हा चढ-उताराचा आजार आहे. माणूस डॉक्टरकडं जातो तो सगळ्यांत वाईट दिवसांत, त्यानंतर काहीही न करताही थोडं उतरतंच. नवी गोळी मिळाली या आशेनंही बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याला खोटं म्हणायचं कारण नाही. पण गोळीचा गुण किती आणि या सगळ्याचा किती, हे तशा गटाशिवाय वेगळं काढता येत नाही. आणि तुलना झाली ती डायक्लोफेनॅकशी, जे हाड वाचवतच नाही.

पुढं औषध नसलेली गोळी घेणारा गट असलेल्या चाचण्याही झाल्या. 2017 मध्ये आपल्याच देशात 36 रुग्णांवर झाली, गटात बाराच माणसं, तीन महिने, निकाल फार चांगला. तिच्यात संशोधक गोळी बनवणाऱ्या कंपनीतले होते. तेवढ्यानं निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणीतरी तो पुन्हा करून दाखवायला हवा. इराणमध्ये 2019 मध्ये कुर्क्युमिनचे अतिसूक्ष्म कण करून बारा आठवडे दिले, तर दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. तिथंच 2022 मध्ये 48 बायकांना रोज 500 मिलिग्रॅम आठ आठवडे दिलं, तर सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि डीएएस-28 दोन्ही सुधारले. एकीकडं हो, एकीकडं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी गोळीचा प्रकार आणि मात्रा वेगळी.

या सगळ्याचं माझं वाचन असं आहे. कुर्क्युमिननं दुखणं आणि सूज काही जणांत थोडी कमी होत असावी. पण दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या चाचणीत हाडाचं कुरतडणं थांबलं का, हे कळूच शकत नाही, त्यासाठी वर्ष-दोन वर्षं क्ष-किरण फोटो काढत राहावे लागतात. तसा पुरावा कुर्क्युमिनच्या बाजूनं उभा नाही.

कुणी म्हणेल, मेथोट्रेक्सेटची सुरुवात तरी कुठं मोठी होती? बरोबर आहे. 1985 मध्ये ज्या गाजलेल्या चाचणीनं ते आमवातात चालतं असं दाखवलं, तिच्यात 35 च रुग्ण होते. पण त्यानंतर शेकडो, हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या, वर्षानुवर्षं सांध्यांचे फोटो तपासले गेले, आणि आज नवं कुठलंही औषध आलं की ते मेथोट्रेक्सेटच्या शेजारी उभं करून तोललं जातं. कुर्क्युमिनची पहिली चाचणी 1980 ची, म्हणजे पाच वर्षं आधीची. लहान सुरुवात हा दोष नाही, पुढचं पाऊल पडलं नाही ही खरी उणीव आहे.

मेथोट्रेक्सेटबद्दल आणखी थोडं सांगितलंच पाहिजे, कारण लोक त्याला भितात. मोबाइलवर नाव टाकलं की 'कॅन्सरचं औषध' असं येतं आणि बाया गोळीची पट्टी परत आणून देतात. हे औषध ज्या घराण्यातलं, ते अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत उभं केलं आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं. कॅन्सरमध्ये ते फार मोठ्या मात्रेत देतात. आमवातात आठवड्यातून एकदा, साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एकदाच. मी प्रत्येक पट्टीवर मार्करनं 'फक्त सोमवारी' असं ठळक लिहून देते, कारण चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेततं. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असते, तिनं मळमळ आणि तोंड येणं बरंच आवरतं.

झाडापासून औषध येत नाही असं माझं म्हणणं मुळीच नाही. ज्या पेलेतिएनं कुर्क्युमिन काढलं, त्यानंच 1820 मध्ये काव्हँतू या सहकाऱ्यासोबत सिंकोनाच्या सालीतून क्विनिन काढलं. पुढं क्विनिनच्या साच्यावरून रसायनशास्त्रज्ञ क्लोरोक्विनपर्यंत आणि मग हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपर्यंत पोचले, आणि ते आज आमवाताच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर असतं. दुसरं उदाहरण चीनमधल्या ट्रिप्टेरिजियम या वेलीचं. 2009 मध्ये अमेरिकेत 121 रुग्णांवर तिचा अर्क सल्फासालाझिनशी तोलला, आणि तो सरस ठरला. म्हणजे वनस्पतीत ताकद आहे. पण त्याच वेलीनं पाळी बंद पडते, पुरुषांचं वीर्य घटतं, आणि तिची पानं-फुलं खाल्ली तर विषबाधा होते. ताकद असली की तिच्यासोबत जोखीमही येते.

हळदीचंही तसंच. भाजी-आमटीतल्या हळदीनं काही होत नाही, पिढ्यान् पिढ्या खात आलो आहोत. पण मिरीचा अर्क घालून किंवा इतर युक्तीनं शोषण वाढवलेल्या गोळ्या ही वेगळी वस्तू आहे. अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या गटानं 2022 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळं इजा झालेले दहा रुग्ण मांडले, त्यातला एक दगावला. त्यांतल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला, म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही, पण तो आपल्याला आहे की नाही हे कुणाला ठाऊक असतं? आणि मेथोट्रेक्सेटचाही भार यकृतावरच पडतो. दोन्ही एकत्र घेणाऱ्यानं हे डॉक्टरांपासून लपवणं धोक्याचं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनीही विचारल्याशिवाय या गोळ्यांना हात लावू नये.

लोक एक मुद्दा हमखास काढतात, "अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं, मग ती गुणकारी असल्याशिवाय का?" ते पेटंट 1995 मध्ये जखम भरण्यासाठीच्या वापराचं दिलं गेलं, आणि सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं आव्हान दिल्यावर 1997 मध्ये रद्द झालं. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. पण तिथं सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान आपल्याकडं आधीपासून आहे. सांध्याचा त्यात विषयच नव्हता.

आता आत्ती. सोमवारची गोळी घेतली की मंगळवारी तिला मळमळायचं, जेवण जायचं नाही. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं बघून तिनं हळदीच्या गोळ्या मागवल्या आणि मेथोट्रेक्सेट सोडलं. महिन्याभरानं दुकानात आली ती हसतच. "बाळा, मी ती सोमवारची गोळी सोडलो बघ. हळदीवर हाय. काय दुखत नाही." खरंच दुखत नव्हतं. मळमळ गेली होती, भाकरी जात होती, चेहरा उजळला होता. मीही त्या दिवशी तिला फार टोकलं नाही, आणि ते मला आजही लागतं.

कारण मेथोट्रेक्सेट पेशींत साठून राहतं. गोळी थांबवली तरी त्याचा असर उतरायला काही आठवडे जातात. त्या आठवड्यांचं सगळं श्रेय हळदीला गेलं. दहाव्या आठवड्यात उजवं मनगट सुजलं, मग डावं, मग पायाचे चवडे. रक्तातली सूज दाखवणारं सीआरपी चांगलंच वाढलेलं आलं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट परत सुरू केलं, फॉलिक ॲसिड वाढवलं आणि गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. मंगळवारची मळमळ पुष्कळ कमी झाली. हेच आधी विचारलं असतं तर तेव्हाच झालं असतं. सूज उतरायला तीन महिने लागले. उजव्या मनगटात जी थोडी अडचण राहिली, ती राहिलीच.

म्हणून काउंटरवर आता मी उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न विचारते, की सोमवारची गोळी का नको झाली आहे? मळमळ असेल, तोंड येत असेल, केस गळत असतील, मूल हवं असेल, पैसे परवडत नसतील, कॅन्सरची भीती बसली असेल. यातल्या प्रत्येकावर डॉक्टरांकडं काही ना काही मार्ग असतो, आणि मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट वेळेत थांबवावंच लागतं, तेही त्यांच्याच सल्ल्यानं. हळदीची गोळी घ्यायचीच असेल तर तिचा डबा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. त्यावर मिरीचा अर्क आहे का, कुर्क्युमिन किती मिलिग्रॅम आहे, हे त्यांना वाचता येईल, आणि यकृताची तपासणी किती दिवसांनी करायची ते ते ठरवतील. गोळी सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर ती त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठा.

आत्ती अजून रात्री हळद घातलेलं दूध पिते, डॉक्टरांनी त्याला हरकत घेतलेली नाही. हळदीच्या गोळ्यांचा उरलेला डबा तिनं मला आणून दिला, तो मी विकत नाही, दाखवायला ठेवला आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक सोमवारभोवती लाल गोल आहे, आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेवर तिनं स्वतःच्या हातानं 'लिव्हर टेस्ट' असं लिहून ठेवलंय.